पन्नासाव्या यार्डावरची मावशी

अहिल्ये,

नेपरव्हिलला अजून बर्फ सुरू झाला नसेल, पण तू आत्तापासूनच स्वेटर घालून बसली असशील. सुशांतने खिडकीपाशी खुर्ची दिली असेल, समोर मॅच चालू असेल आणि तू टीव्हीचा आवाज बंद केला असशील, कारण बोलणाऱ्यांना खेळातलं काही कळत नाही असं तुझं पहिल्यापासूनचं मत.

मंडळाच्या दिवाळी अंकाने यंदा 'आपल्यातलं एक माणूस' असा विषय दिलाय. सगळे कुठल्या ना कुठल्या डॉक्टरवर लिहिणार, नाहीतर कंपनी काढून विकलेल्या कुणावर तरी. मी तुझ्यावर लिहितेय. परवानगी मागत नाहीये. मागितली असती तर तू नको म्हणाली असतीस आणि मी तरीही लिहिलं असतं. तेवढा फोन वाचला.

राजेशचं नाव बदललेलं नाही. कशाला बदलू?

तुला सगळं ठाऊकच आहे, तेव्हा इथून पुढे मी वाचणाऱ्यांशी बोलते. तू गप्प बसून ऐक. जमणार नाही तुला, पण प्रयत्न कर. शेवटी तुझ्याशी एका कामाचं बोलायचंय.

तर, अहिल्या पारखी. शुगर लँडमध्ये आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे राहायची. मूळची नागपूरची. ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये तिची सगळी नोकरी झाली. उंचीने बेताची, आवाजाने अजिबात बेताची नाही. स्वयंपाकात बरी, पण बटाट्याचे वडे असे करायची की बाकीचं माफ. मंडळाच्या कार्यक्रमात कधी गायली नाही, नाटकात काम केलं नाही, कमिटीवर आली नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर, अमेरिकन फुटबॉलच्या दिवसांत, शनिवारी ती तुम्हाला सापडायचीच नाही. गणपती शनिवारी ठेवला तर सकाळी सातला येऊन नमस्कार करून जायची. "देवाला कळतं होम गेम काय असतो," म्हणायची.

आमच्यापासून दीड तासाच्या ड्राइव्हवर एक विद्यापीठ आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या तिकीट ऑफिसातली बाई भली आहे, तिला त्रास नको. टीमचा रंग हिरवा, एवढं पुरे. अहिल्येचा नवरा रवी तिथे पेट्रोलियम शिकायला आला, मागोमाग लग्न करून ही आली. विद्यार्थ्यांना मॅचची तिकिटं फुकट असायची आणि त्यांच्या खोलीत एसी नव्हता. स्टेडियममध्ये निदान वारा लागायचा. अशी सुरुवात. साडी नेसून, वर रवीचा कोट घालून ही बाई लोखंडी बाकावर बसली आणि पहिल्या दिवशी तिला फक्त माणसं एकमेकांच्या अंगावर पडताना दिसली.

शेजारी डेल नावाचा एक उंच टेक्सन बसायचा, कापूस पिकवणारा. त्याने तिला समजावलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न. नाही जमलं तर चेंडू समोरच्याला.

"म्हणजे बांध कोरायचा," अहिल्या रवीला मराठीत म्हणाली. "आमच्या काटोलच्या काकांनी तीस वर्षं हेच केलं. रोज वीतभर."

त्या दिवसापासून तिला हा खेळ जो कळला तो कळला. मला अजून धड कळत नाही. मी तिच्याबरोबर जायचे ती वड्यांसाठी.

पुढे नोकऱ्या लागल्या, घर झालं, तशी दोघांनी सीझनची तिकिटं घेतली. सीझनची म्हणजे दर वर्षी, दर होम गेमला, आपल्या मैदानावरच्या प्रत्येक मॅचला, त्याच दोन खुर्च्या. मैदानाच्या बरोब्बर मध्ये, पन्नासाव्या यार्डापाशी, डेलच्या शेजारी. रवी कडेला, अहिल्या मध्ये. रवी कानात छोट्या रेडिओचं बटण घालून बसायचा आणि रेडिओवाला जे सांगेल ते अर्ध्या सेकंदाने अहिल्येला सांगायचा. ती म्हणायची, "मला डोळे आहेत." तो तरीही सांगायचा. चाळीस वर्षं.

मॅचच्या आधी पार्किंगमध्ये पंगत. इकडचे लोक गाडीची मागची दारं उघडून, शेगड्या पेटवून, सकाळपासून खात-पीत बसतात. पारखींची जागा मोठ्या ओकच्या झाडाखाली, डेलच्या ट्रकला लागून. डेल मांस भाजायचा, अहिल्या वडे तळायची. हिरव्या टोपीतले गोरे म्हातारे हातात पावाशिवाय वडा आणि लसणाची चटणी घेऊन उभे असायचे. 'मिस ए' म्हणायचे तिला. अहिल्या हे नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही.

राजेश या पंगतीत आला तो बराच नंतर. मूळ आयटीवाला, मग घरं विकायला लागला. फुलशियरकडे नवीन वसाहती होताहेत तिकडे अर्ध्या मराठी लोकांना घरं यानेच विकलीत. बोलायला गोड. पहिल्या दिवसापासून "मावशी, मावशी." वडे खाऊन हात पुसायच्या आत कार्ड काढायचा. त्याची बायको नेत्रा मागे उभी राहून कागदी बशा गोळा करायची.

एका वर्षी हिरवे ओळीने हरत होते. निळ्यांशी मॅच होती, म्हणजे आमच्या कट्टर वैऱ्यांशी, आणि राजेश निळा टी-शर्ट घालून पार्किंगमध्ये आला.

अहिल्येने झारा खाली ठेवला. "हे काय घातलंस?"

"मावशी, चिल. या वर्षी ब्लूचा फॉर्म बघा ना."

"मागच्या महिन्यात तू हिरव्यांचा होतास."

"मी विनरचा असतो. टीम म्हणजे काय लग्नाची बायको आहे का, बदलायची नाही म्हणायला?"

"बरं झालं कळलं," मागून नेत्रा म्हणाली.

सगळे हसले. डेलला मी भाषांतर करून सांगितलं. तो म्हणाला, "पोरा, मी लहानपणापासून हरतोय. या वयात सवय बदलली तर तब्येतीला झेपणार नाही."

रवीने शांतपणे सांगितलं, "टी-शर्ट उलटा घाल, मग वडा घे." आणि खरोखर, राजेशने गाडीआड जाऊन टी-शर्ट उलटा घातला, तेव्हाच त्याला वडा मिळाला. शिवणी बाहेर आलेल्या, मानेपाशी लेबल. त्या दिवशी आम्ही फार हसलो. तो नाही हसला. माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

त्या मॅचला पाऊसही आला. तिसऱ्या भागात स्टेडियम रिकामं झालं, राजेश तर त्याच्या आधीच गेला. अहिल्या, रवी आणि डेल कचऱ्याच्या पिशव्या डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत बसले. चमत्कार वगैरे काही झाला नाही. हरले. परत येताना गाडीत मी चिडून म्हटलं, "काय मिळालं?" तर अहिल्या म्हणाली, "ती वीस-वीस वर्षांची पोरं शेवटच्या मिनिटापर्यंत धावली. बघायला कुणी नको?"

रवी एका मार्च महिन्यात गेला. सकाळी चहा घेतला, आणि गेला. मुलगा सुशांत शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून आला, दिवस झाले आणि मायलेक अस्थी घेऊन नाशिकला गेले.

नेमकी तेव्हाच तिकिटं रिन्यू करायची मुदत होती. खातं रवीच्या नावावर. तिकडचा नियम असा की खातेदार गेला तर तिकिटं बायकोला किंवा घरातल्याच कुणाला देता येतात. घरातलं कुणी नसेल तर ती सोडायची, बाहेर हजारो लोक रांगेत आहेत. राजेश म्हणाला, "मावशी, तुम्ही या अवस्थेत काही बघू नका. मी करतो सगळं." सुशांतला फुटबॉलचं काही सोयरसुतक नाही. त्याने सुटकेचा श्वास टाकून पासवर्ड देऊन टाकला.

अहिल्या गोदावरीच्या काठी उभी होती. गुरुजी घाई करत होते. तिकीट ऑफिसातल्या बेथबाईचा फोन आला. बेथ तिला ओळखत होती. आधी रवीबद्दल हळहळली, मग विचारलं, "राजेश तुमचा भाचा ना?"

आता तुम्हीच सांगा, आपल्यातल्या कुणी काय उत्तर दिलं असतं? रोज मावशी म्हणणारा मुलगा. नवऱ्याच्या अस्थी समोर. अहिल्या म्हणाली, "हो, भाचाच. मला मुलासारखा आहे."

झालं. राजेशने अर्जात स्वतःला भाचा लिहिलं होतं, बेथला वाटलं मावशीची संमती आहे. दोन्ही खुर्च्या, ओकखालच्या पार्किंगसकट, भाच्याच्या नावावर.

ऑगस्टमध्ये ती परत आली. मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते, ती कोथिंबीर निवडत होती. स्पीकरवर फोन लावला. "अरे राजेश, तिकिटं आली का?"

"मावशी, ॲक्चुअली ना... या वर्षी मी क्लायंट्सना नेतोय. तुम्हाला कुठे एवढ्या उन्हात झेपणार? टीव्हीवर मस्त दिसतं. रिप्ले पण दाखवतात."

"माझी एक खुर्ची दे. रवीची तू घे."

"सीट्स पेअरमध्येच आहेत ना मावशी. आणि खरं सांगू का, रवीकाकांच्या शेजारची सीट घेऊन तुम्ही एकट्या बसणार, उगाच रडणार. बरं दिसतं का ते?"

अहिल्येने फोन बंद केला. निवडत राहिली. त्या दिवशी कोथिंबिरीची एक काडी अख्खी राहिली नाही.

मी म्हटलं, "बेथला फोन लाव. आत्ता."

"आणि काय सांगू? हो म्हणणारी मीच." ती पालाच चिरायला लागली. "त्या बाईला समजावून सांग तू, सुमे, की आमच्याकडे भाजीवाल्यालाही मामा म्हणतात. ती विचारेल, मग तुम्ही हो कशाला म्हणालात? आणि खोटं ठरलं तर खुर्च्या जातील रांगेतल्या कुणाला तरी. मला त्या खुर्च्या हव्यात. त्याच दोन."

"मग काय, सोडून देणार?"

"सोडून?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्ची मागे सरकवली. "रवीच्या खुर्चीला तो 'शेजारची सीट' म्हणाला. भाचा झालाय ना तो कागदावर? होऊ दे. भाचा होणं म्हणजे काय असतं, ते आता त्याला दाखवते."

पहिल्या होम गेमला मी ड्राइव्ह केलं. अहिल्या हिरव्या काठाची साडी नेसून, मांडीवर डबा घेऊन. ओकखाली राजेशने नवा तंबू ठोकला होता, त्यावर स्वतःचा फोटो आणि फोन नंबर. पुण्याहून नुकतं आलेलं एक कुटुंब होतं, दोन गुजराती डॉक्टर भाऊ होते, सगळे घर घ्यायच्या विचारात. आणि बेथ होती. ती दर मॅचला जुन्या लोकांना भेटायला पार्किंगमध्ये एक फेरी मारते, ते अहिल्येला पाठ होतं.

"राज्या!" अहिल्या तीन गाड्यांवरून ओरडली. "मावशी आली! नमस्कार कर!"

राजेशच्या हातातला ग्लास थांबला. बेथ कौतुकाने बघत होती. काय करतो? वाकला. हिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही, त्यामुळे तो वाकलेलाच.

मग तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. चटणी लागली होती म्हणे. मला तरी दिसली नाही. मग खुर्ची मागितली, सावलीतली. मग त्या पुणेकरांकडे वळून इंग्रजीत सुरू झाली. "लहानपणी अंथरूण ओलं करायचा हो. बराच मोठा होईपर्यंत. मी सांगायचे त्याच्या आईला, रागावू नकोस, मनाने हळवा आहे."

राजेशचं लहानपण ठाण्याला गेलं. अहिल्येने तेव्हा त्याला पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

"मावशी..." तो दात दाबून म्हणाला.

"काय बाळा? नव्हतास का? सांग की त्यांना. नाही म्हण." आणि बेथकडे बघून गोड हसली. "माझा भाचा लाजतो."

तो काय नाही म्हणणार? एक नाही म्हटलं की सगळंच नाही होतं.

नेत्रा बर्फाच्या पेटीत तोंड घालून काहीतरी शोधत होती. तिचे खांदे हलत होते.

त्या सीझनला अहिल्येने राजेशला सोडला नाही. दुसऱ्या मॅचला त्याला न्यायला बोलावलं, बेथच्या देखत त्याने कबूल केलं होतं म्हणून. त्याच्या मोठ्या गाडीत क्लायंट मागे कोंबून बसले, मावशी पुढे. "एसी कमी कर. हळू चालव. गाणं बंद कर. हे तुमचं काय नाव, तुम्ही घर बघताय ना? घाई करू नका हो, हा लहानपणी गणितात कच्चा होता." डोळ्याच्या डॉक्टरकडे, गुडघ्याच्या डॉक्टरकडे, सगळीकडे घरचं माणूस म्हणून राजेशचा नंबर. तो मीटिंगमध्ये असला की नर्सचा फोन जायचा, तुमच्या आंटी विचारताहेत कधी येता. मंडळात लोक त्याला 'अहिल्याताईंचा राज्या' म्हणायला लागले. आधी चेष्टेने, मग सवयीने.

मला यात किती आनंद झाला ते लिहिण्यासारखं नाही. पण खुर्च्या काही तो देत नव्हता. अहिल्या पार्किंगमध्येच बसायची. आत आरडाओरडा झाला की बाहेर ऐकू यायचा. ती मान वर करून ऐकायची आणि आवाजावरून सांगायची, "गेला चेंडू," किंवा, "पहिला डाउन मिळाला, सरकले दहा यार्ड." मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळायची. ते मला बघवायचं नाही.

निळ्यांशी मॅच आली ती पितृपक्षातल्या शनिवारी. षष्ठीला. रवीची तिथी तीच.

आता ज्यांना यातलं कळतं ते म्हणतील, पहिल्या वर्षी पक्ष करत नाहीत. मलाही ठाऊक आहे. अहिल्येलाही ठाऊक होतं. राजेशला ठाऊक नव्हतं, आणि आम्ही सांगायला गेलो नाही.

"कावळ्याला पान ठेवायचंय," आदल्या आठवड्यात तिने त्याला फोनवर सांगितलं. "काकाचा जीव त्या मैदानात होता, तिथेच ठेवायचं. सुशांत लांब आहे. तू भाचा. तूच ठेव."

"मावशी, मॅचच्या दिवशी? लोक असतात तिथे."

"मग काय, बेथला सांगू का की भाचा नाही म्हणतोय?"

त्या दिवशी ओकखाली सगळे होते. पुणेकर कुटुंब सही करायच्या बेतात होतं, त्यांची आजीही आली होती पुण्याहून. डॉक्टर भाऊ होते. आजूबाजूला शेगड्यांचा धूर, बँडचा सराव, उकाडा असा की पापण्यांवरून घाम ओघळत होता. अहिल्येने केळीच्या पानावर भात, खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी वाढली. राजेशने हिरवा टी-शर्ट घातलेला, कपाळाला तिने गंध लावलेलं. डांबरावर, झाडाच्या बुंध्याशी पान ठेवलं आणि सगळे मागे सरकून उभे राहिले.

टेक्सासच्या पार्किंगमध्ये लांब शेपटीचे, पिवळ्या डोळ्यांचे काळे पक्षी असतात. इथले लोक ग्रॅकल म्हणतात, आपण कावळाच म्हणतो. इतका हावरट पक्षी मी दुसरा पाहिला नाही. माणसाच्या हातातला चिप्सचा तुकडा नेतो. त्या दिवशी झाडावर पन्नासेक तरी असतील.

एकही खाली येईना.

एक आला, दोन उड्या मारल्या, मान वाकडी केली आणि भुर्रकन गेला. दुसरा आला, तोही गेला. पलीकडे कुणाच्या तरी बर्गरचा पाव पडला होता, त्यावर झुंबड. पानाकडे कुणी नाही.

पुणेकर आजी हळूच म्हणाल्या, "काहीतरी राहिलंय हो त्यांचं."

राजेशच्या गंधावरून घाम वाहायला लागला. "काका," तो पुटपुटला, "मावशीची काळजी घेईन."

पक्षी आला, थबकला, गेला.

"काळजी नकोय त्याला," अहिल्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढलेला नव्हता. "त्याला काय हवं होतं ते तुला माहितीये."

"मावशी, इथे सगळ्यांसमोर..."

"मग कुणासमोर? घेतलंस तेव्हा कुणासमोर घेतलंस?"

आजींनी सुनेचा हात धरून तिला दोन पावलं मागे ओढलं. ज्याच्याकडून घर घ्यायचं, त्याच्या पानाला कावळा शिवत नाही! आजींचा मुलगा हळूच म्हणाला, "आपण नंतर बोलू राजेश, काही घाई नाही." ते मात्र राजेशला लागलं. तो डोळे मिटून, हात जोडून, खणखणीत म्हणाला, "काका, खुर्च्या मावशीच्या. दोन्ही. आजच."

"इंग्रजीत सांग," अहिल्या म्हणाली. "बेथला कळू दे."

त्याने इंग्रजीत सांगितलं. भाच्याने मावशीला द्यायच्या म्हणजे घरातल्या घरातच. बेथने मान डोलावली, तिचे डोळे भरून आले होते. किती सुंदर प्रथा आहे तुमची, म्हणाली.

आणि चार पक्षी धपाधप पानावर उतरले. वडा दोघांनी ओढला.

आता कुत्र्याचं सांगते. पानाच्या शेजारीच डेलचं टेबल होतं, त्यावर हिरवं कापड, जमिनीपर्यंत लोंबणारं. त्या कापडाखाली डेलचा बिस्किट नावाचा म्हातारा शिकारी कुत्रा आखूड दोरीने बांधलेला होता. पक्षी जवळ आला की गुरगुरायचा, पण बँडच्या आवाजात माणसांना ऐकू येत नव्हतं. राजेशने डोळे मिटले तेव्हा अहिल्येने पदर सावरला, ती खूण. डेलने मागच्या बाजूने मांसाचा तुकडा दाखवून कुत्रं काढून नेलं. बस, एवढंच. रवी कुठेही अडकलेला नव्हता. अडकलाच असता तर वड्यांत, खुर्चीत नाही.

त्या दिवशी अहिल्या आत गेली. मीही गेले, मागे कुठेतरी बसले. तिने रवीच्या खुर्चीवर त्याची टोपी ठेवली, टोपीत रेडिओ, आणि कानात बटण घातलं. डेल दुसऱ्या बाजूला. राजेश पार्किंगमध्ये तंबूत बसून टीव्हीवर बघत होता. रिप्लेसकट.

हिरवे हरले. सडकून हरले. अर्धं स्टेडियम उठून गेलं. मी जिन्यापाशी जाऊन उभी राहिले, ऊन तोंडावर येत होतं, पण ती उठली नाही. तिचे ओठ हलत होते. कानात जे ऐकू येत होतं ते टोपीला सांगत होती. अर्ध्या सेकंदाने.

ते पुणेकर कुटुंब घर दुसरीकडून घेऊन मोकळं झालं. मी विचारपूस केली होती, मुद्दाम.

तर अहिल्ये, आता तुझ्याशी.

गेल्या वर्षी तुझं खुब्याचं हाड मोडलं आणि सुशांत तुला न्यायला आला. त्या खुर्च्या तू डेलच्या नातीला दिल्यास, त्यासाठी बेथला काय सांगितलंस ते मी लिहीत नाही. निघताना दारात व्हीलचेअरवर बसून तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "सुमे, राजेशकडे जा. कुत्र्याचं सांग त्याला. पुरे झालं आता." वर त्याच्यासाठी एक लाडवाचा डबा दिलास. मी म्हटलं, बघते.

लाडू डिंकाचे होते, छान झाले होते. नेत्रा भाजी घेताना भेटली तेव्हा तिला अर्धे दिले. राजेशला दे म्हणून नाही, तिलाच. तिला कुत्र्याचं पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. टेबलावर ते कापड तिनेच घातलं होतं, हे तुला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही.

हा लेख राजेश वाचेल अशी भीती नको. अंकात त्याची पानभर जाहिरात असते, तो तेवढं पान उघडून स्वतःचा फोटो बघतो आणि अंक ठेवून देतो. मी संपादकांना सांगितलंय, हा लेख बरोब्बर त्याच्या समोरच्या पानावर छापा.

सध्या पितृपक्ष चालू आहे. मंगळवारी मी फार्मसीतून परत येताना त्याच्या घरावरून आले. त्याने दर वर्षीसारखं मागच्या कुंपणाच्या खांबावर रवीचं पान ठेवलं होतं, ऑफिसचे कपडे घालून, हात जोडून उभा होता, भर उन्हात. पक्षी वायरवर बसले होते. शेजाऱ्यांनी यंदा मोठं कुत्रं घेतलंय.

तू सांगितलेलं काम दोन मिनिटांचं होतं. मी गाडी हळू केली, काच खाली घेतली. त्याने मला बघितलं. "काकू," म्हणाला, "येत नाहीयेत हो."

"येतील," मी म्हटलं. आणि काच वर केली.